तुकड्यांसाठी घेतलेला स्कॅनर

पंचशीलाने स्कॅनर घ्यायला चार महिने लावले. त्यातले सात आठवडे माझ्यामुळे गेले. हे आधीच सांगते. पुढे मी इतरांवर चिडणार आहे, आणि तेव्हा कुणी मला विचारायला नको की तू काय करत होतीस.

साल २००७. आम्ही दोघी गुलबर्ग्यात शिकत होतो. ती चित्रकलेच्या शेवटच्या वर्षाला, मी मराठी एम. ए. ला. होस्टेलात एक खोली, दोन खाटा, मध्ये एक टेबल. ती औरादची, भीमनगरातली. मी मादन हिप्परग्याची. आमचे पणजोबा मेंढरं घेऊन फिरायचे. आता घरात तूर पिकते.

पंचशीला बुटकी, काटक. आवाज मोठा. दुकानात गेली की दुकानदार थकेपर्यंत प्रश्न विचारायची आणि शेवटी एक पेन घेऊन बाहेर यायची. माणसाचं चित्र काढताना कानापासून सुरुवात करायची. मी एकदा विचारलं, "कानच कामून?"

"पासपोर्ट फोटोत दोन्ही कान दिसले पायजेत," ती म्हणाली. "आमचे अप्पा पैल्यांदा कान बघतेत. मंग मानूस."

तिचे अप्पा म्हणजे रामराव. औरादच्या बाजारपेठेत एक फोटो स्टुडिओ आहे. तिथे ते १९७९ पासून डार्करूममध्ये. मालक वीरभद्रप्पा. फोटो काढायचे मालक, रीळ धुवायचे आणि फोटो छापायचे रामराव. औषधाच्या पाण्याने त्यांची नखं तपकिरी झालेली. पहिल्यांदा भेटले तेव्हा मला वाटलं, मेंदी आहे. निगेटिव्ह आभाळाकडे धरून ते माणूस ओळखत. निगेटिव्हमध्ये चेहरा काळा, केस पांढरे. मला सगळे सारखेच दिसत. रामराव म्हणत, "ही तिप्पण्णाची थोरली. बिदरला दिली."

वीरभद्रप्पा त्यांना 'रामू' म्हणत. रामराव वयाने चार वर्षांनी मोठे होते.

मालकासमोर रामराव एकच शब्द बोलत. "व्हय." चहा आण. व्हय. आज थांब. व्हय. उद्या रविवार असला तरी ये. व्हय. पंचशीला त्यांची नक्कल करायची. आम्ही हसायचो. आता ते हसणं मला आठवत नाही असं म्हणता येत नाही.

भीमनगरात फोटो काढायला मालक कधी गेले नाहीत. पाठ दुखते म्हणायचे. ही पाठ बाजारपेठेतल्या लग्नात तीन-तीन दिवस दुखत नसे, भीमनगरच्याच रस्त्याला दुखे. म्हणून तिथलं काही असलं की जुना कॅमेरा रामरावांच्या गळ्यात पडायचा. लग्नं, चौदा ऑक्टोबरची मिरवणूक, विहाराच्या भिंती चढताना, वस्तीतली पहिली मॅट्रिक झालेली मुलगी निकालाचा कागद धरून. सगळं काळं-पांढरं. रंगीत रीळ महाग, आणि ते धुवायला हैदराबादला पाठवावं लागे. बाजारपेठेच्या लग्नांना नव्वदनंतर रंग आला. भीमनगरला यायला अजून सात-आठ वर्षं लागली.

त्याच सुमाराला गाव रिकामं व्हायला लागलं. पुण्याला, मुंबईला, हैदराबादला बांधकामावर. निघायच्या आधी माणूस स्टुडिओत येऊन एक फोटो काढायचा आणि आईजवळ ठेवून जायचा. औरादमध्ये ही रीतच पडली. काही परत आले. काहींचा फोटोच तेवढा राहिला. चुलीच्या धुराने तो काळा पडला की आई तो घेऊन स्टुडिओत यायची. फोटोच्या मागे नंबर लिहिलेला असायचा. रामराव नंबर बघून वरच्या खोलीतल्या कपाटातून निगेटिव्ह काढायचे आणि नवा फोटो छापून द्यायचे.

ते कपाट पंचशीलाला हवं होतं. कपाट नाही, त्यातली माणसं. ती म्हणायची, "नावं फकस्त अप्पाला म्हाईत हायत. अप्पाची नजर जायलीय." एक मशीन आणायचं, अप्पांना शेजारी बसवायचं, एकेक निगेटिव्ह पडद्यावर उघडायचं. अप्पांनी नाव सांगायचं, हिने लिहायचं. तिच्या सरांनी तिला परीक्षेसाठी निसर्गचित्रं काढायला सांगितली होती. तिने बरं म्हटलं आणि केलं नाही.

जूनमध्ये तिने मालकांना विचारलं. मी सोबत होते. वीरभद्रप्पा काउंटरमागे बसून पेपर वाचत होते.

"अण्णा, वरलं निगेटिव्ह मला पायजे हुतं."

"कशाला? दागिना करायलीस काय?"

"स्कॅन करायचंय."

"मंग मशीन आण. कॉम्प्युटर हाय आपल्याकडं. हितं बसून काय करायचं ते कर. पर निगेटिव्ह दुकानाभाईर जायचं न्हाई. धंद्याचा नियम हाय." मग त्यांनी पेपर खाली ठेवला. "दिवाळीला वरली खोली लागतीय मला. डिजिटल मशीन यायलंय, खालचं सामान वर ठिवायचंय. दिवाळीपतुर कुनी हात लावनार न्हाई. माझा शब्द."

मागे रामराव उभे होते. मालक त्यांच्याकडे वळून म्हणाले, "काय रे रामू?"

"व्हय," रामराव म्हणाले.

मशीनवर चालतं का ते बघायला नमुना हवा म्हणून पंचशीलाने एक निगेटिव्ह मागितलं. गिऱ्हाइकाचा फोटो रामराव देईनात. शेवटी त्यांनी एका पाकिटातून एका फ्रेमचा तुकडा काढला आणि तोच नंबर लिहिलेल्या दुसऱ्या पाकिटात घालून दिला. त्यात कुणीच नव्हतं. नुसतं स्टूल होतं. तेवढ्याला मालकही नाही म्हणाले नाहीत.

इथे त्यांच्या कामाची एक पद्धत सांगायला हवी. रिळात छत्तीस फोटो असतात. पण रेशन कार्डाच्या फोटोसाठी आलेला माणूस एकटाच असतो आणि त्याला संध्याकाळच्या बसने जायचं असतं. छत्तीस भरेपर्यंत तो कसा थांबेल? म्हणून फोटो काढल्यावर मालक दोन रिकाम्या क्लिक करत. मग रामराव अंधारात कॅमेरा उघडून वापरलेली फिल्म तेवढी कात्रीने कापून घेत आणि धूत. उरलेलं रीळ पुढच्या गिऱ्हाइकाला. त्या कपाटात सहा-सहा फ्रेमच्या सरळ पट्ट्या कमी होत्या. एकेक, दोन-दोन फ्रेमचे तुकडेच जास्त. प्रत्येक तुकडा कागदी पाकिटात, पाकिटावर नंबर. रिकाम्या क्लिकमध्ये, माणूस उठून गेल्यावर, स्टूल यायचं.

पंचशीलाचा हिशेब नऊ हजारांचा होता. थोडी स्कॉलरशिप, थोडी उन्हाळ्याची कमाई. त्या उन्हाळ्यात तिने बिदर जिल्ह्यातल्या शाळांच्या भिंतींवर पोलिओच्या घोषणा रंगवल्या होत्या. कन्नडमध्ये. अक्षर सुंदर म्हणून हेडमास्तर तिला चहा द्यायचे, आणि आडनाव ऐकलं की दुसऱ्या दिवशी द्यायचे नाहीत.

पहिल्यांदा आम्ही गुलबर्ग्याच्या सुपर मार्केटात कॉम्प्युटरच्या दुकानात गेलो. तिथल्या अनिलकुमारने ऑफिसातला साधा स्कॅनर पुढे केला.

"निगेटिव्ह होतंय का ह्याच्यावर?"

"होतंय की अक्का. सगळंच होतंय."

"करून दावा."

त्याने स्टुलाचा तुकडा काचेवर ठेवला, झाकण लावलं. पडद्यावर काळा चौकोन आला.

"थोडं डार्क आलंय," अनिलकुमार म्हणाला.

"डार्क न्हाई. काळं आलंय," पंचशीला म्हणाली. "कागदावर उजेड वरून पडून परत येतो. निगेटिव्हला उजेड आरपार जायला पायजे. ह्याच्या झाकनात दिवा हाय का?"

झाकणात दिवा नव्हता. अनिलकुमार म्हणाला, "मग एवढं माहीत होतं तर मला का विचारलं?"

"तुमाला म्हाईत हाय का ते बघायलते."

त्यानंतर ती रोज कॉलेजनंतर नेट कॅफेत बसू लागली. तासाचे पैसे वाचवायला सगळं वहीत उतरवायची. तिच्या बजेटमध्ये दोनच वाटा होत्या. एक, नुसत्या फिल्मसाठी केलेलं मशीन, जुनं, कुणीतरी वापरून विकलेलं. चित्र फार सुरेख येतं म्हणे. दुसरी, झाकणात दिवा असलेला नवा सपाट स्कॅनर. त्याचं चित्र थोडं मऊ, पण कागदही चालतो. ऑगस्टअखेर स्कॉलरशिपही हातात आली. हैदराबादच्या दुकानात फोन केला. नवा स्कॅनर नऊ हजारांच्या थोडा वर जात होता.

तेव्हा मी म्हणाले, "दसऱ्याला सवलत निघते. थांब की. मालकानं दिवाळीपर्यंत शब्द दिलाय."

ती थांबली. माझं ऐकून ती कधी थांबत नसे. त्या वेळी थांबली.

दसऱ्यानंतरच्या मंगळवारी आम्ही हैदराबादला गेलो. कोठीच्या एका गल्लीत कॅमेऱ्यांची दुकानं आहेत. एका अरुंद दुकानात पांढऱ्या दाढीचे एक चाचा होते. त्यांनी आधी जुनं फिल्मचं मशीन काढलं. विटेएवढं, काळं, जड. एका अखबारवाल्या फोटोग्राफरने विकलेलं. त्यांनी स्वतःची सहा फ्रेमची पट्टी तोंडाशी धरली. मशीनने ती हळूच आत ओढली. पडद्यावर चारमिनारवरची कबुतरं एकेक करून मोजता आली.

"मखमल है बेटा," चाचा म्हणाले.

मी म्हणाले, हेच घे. खरंच, तसं चित्र मी पाहिलं नव्हतं. पंचशीलाने पाकिटातला तुकडा काढला. मशीनच्या तोंडाशी धरला. मशीनने ओढला नाही. पुन्हा धरला. मशीन गुरगुरलं आणि थांबलं.

"ये अकेली फ्रेम है," चाचा म्हणाले. "दो से कम नक्को बोलती ये. इत्ता छोटा किसने काटा?"

"मेरे अप्पा ने."

चाचा हसले. "गाँव के स्टुडिओवाले! रीळ बचाने कू नाखून भी काट लेंगे."

पंचशीला हसली नाही. तिला हिंदी नीट येत नव्हती, तरी ती चिडली की यायची. "चाचा, वो आदमी शाम की बस पकडता. उसका राशन कार्ड का आखरी दिन रहता. छत्तीस होने तक वो बैठा रहता क्या?"

चाचांनी तिच्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "सही बात." आणि जुनं मशीन उचलून परत कपाटात ठेवलं. नंतर एकदाही त्याचं कौतुक केलं नाही.

मग सपाट स्कॅनर आले. दोन होते. महागड्यात एक सोय होती: निगेटिव्हवरची धूळ, ओरखडे मशीन आपोआप पुसतं. पंचशीलाची नजर तिथेच अडली. तीस वर्षांची धूळ होती त्या कपाटात. ती उसने किती मिळतील याचा विचार करायला लागली, हे मला तिच्या ओठांवरून कळलं.

"रंगीत है या ब्लॅक अँड व्हाइट?" चाचांनी विचारलं.

"ब्लॅक अँड व्हाइट."

"फिर मत लो. उसपे नहीं चलता. काले-सफेद में चाँदी रहती ना. तसवीर चाँदी की ही बनती. मशीन उसी कू धूल समझती, चेहरा ही पोंछ डालती."

एका दुकानदाराने आपणहून स्वस्त वस्तू घ्यायला सांगितली. त्या वर्षात माझ्यासमोर घडलेली ही एकच भली गोष्ट, म्हणून लिहून ठेवते.

स्वस्त स्कॅनरबरोबर प्लॅस्टिकची चौकट होती, सहा फ्रेमच्या पट्टीसाठी. त्यात एकटी फ्रेम घसरत होती. पंचशीलाने काळा पुठ्ठा मागितला, ब्लेड मागितलं आणि काउंटरवरच मापाची खिडकी कापली. तुकडा त्यात नीट बसला. झाकण लावलं. दिवा सरकत गेला. पडद्यावर स्टूल आलं. लाकडाच्या रेघा दिसत होत्या. मागच्या पडद्याची चुणी दिसत होती. एका पायाला सुतळी बांधलेली होती.

"इसमें तो कोई नहीं है," चाचा म्हणाले.

"अभी उठके गया," पंचशीला म्हणाली.

सवलत मिळाली. नऊ हजारांत काम झालं. तिने काळ्या पुठ्ठ्याचा आणखी एक तुकडा फुकट मागून घेतला. खोकं घेऊन आम्ही तशाच बिदरच्या बसमध्ये बसलो आणि तिथून औरादला. खोकं सगळ्या वाटेने तिच्या मांडीवर होतं. कंडक्टर म्हणाला, "टपावर टाक ताई." ती म्हणाली, "तुमच्या बाळाला टपावर टाकतेव का?"

दुसऱ्या दिवशी गेलो तर स्टुडिओच्या काउंटरपलीकडे नवं डिजिटल मशीन उभं होतं. त्याला झेंडूचा हार, त्यावर कुंकवाची बोटं. वीरभद्रप्पा खुशीत होते.

"आलं का तुझं मशीन? बरं झालं. आमचं बी आलं. आयुधपूजेला हजर!"

"अण्णा, वर जाऊ का?"

"वर काय हाय आता? खोली साफ केली." त्यांनी कोपऱ्यातल्या पोत्याकडे बोट केलं. "हे रंगीत हाय. ह्याचं बघ. लोक सीडी मागायलेत लग्नाच्या. तू स्कॅन कर, मी इकतो. तुला बी देतो काय तरी."

पंचशीलाने पोतं उघडलं. तांबूस फिल्म. बाजारपेठेतली लग्नं.

"काळं-पांढरं कुठाय?"

"ते गेलं."

"कुठं गेलं?"

"हैदराबादचा मानूस येतो, दवाखान्यातलं एक्स-रे घेतो. चांदी काढतेत त्यातून. काळ्या-पांढऱ्यातच असती म्हनं. रंगीत फुकट बी घेत न्हाई त्यो."

मला आधी कळलंच नाही. चांदी हा शब्द मी कालच ऐकला होता, एका भल्या माणसाच्या तोंडून.

"तुमी शब्द दिलता," पंचशीला म्हणाली.

"दिलता की. मशीन दिवाळीला यायचं हुतं, दसऱ्याला आलं. आयुधपूजेला मशीन दारात ठिवू काय? आनि माझ्यावर कामून डोळे काढायलीस? तुज्या बापानंच निवडून दिलं. दोन दिवस गच्चीवर बसून. काळं येगळं, रंगीत येगळं. इचार त्याला."

रामराव डार्करूमच्या दारात उभे होते. ते पंख्याकडे बघत होते.

"अप्पा?"

"मालक म्हनले," रामराव म्हणाले.

"माजं मशीन यायलंय म्हनून सांगायचं न्हाई का?"

"मालकाला म्हाईत हुतं की."

एवढंच. त्यांनी गच्चीवर उन्हात बसून एकेक तुकडा आभाळाकडे धरला असणार. त्याशिवाय काळं आणि रंगीत वेगळं करता येत नाही. आणि त्यांनी आभाळाकडे धरलं म्हणजे ओळखलं. तिप्पण्णाची थोरली. विहाराची भिंत. पुण्याला गेलेला कोण, मुंबईला गेलेला कोण. ओळखून पोत्यात टाकलं. अठ्ठावीस वर्षांचं व्हय.

पंचशीलाने काउंटरवरच्या फोनवरून त्या माणसाला फोन लावला. नंबर मालकांनीच दिला, फार उदारपणे. पलीकडचा आवाज मलाही ऐकू येत होता.

"वो तो उसी दिन धुल गया अम्मा. कॉस्टिक में डालते, चाँदी नीचे बैठ जाती. फिल्लम साफ निकलती, काँच के जैसी."

"फिल्म तो है ना?"

"फिल्लम का क्या करना? मिठाई के डब्बे की खिडकी बनती उसकी."

तिने फोन ठेवला. मी बोलले. काय बोलले ते नीट आठवत नाही. इतकं आठवतं, की मी मालकांना 'अण्णा' म्हटलं नाही. ते म्हणाले, "निगेटिव्ह स्टुडिओचं असतंय. कुठंबी जाऊन इचार." आणि ते खरं होतं, हेच मला सहन होत नाही. ज्या वस्तीत त्यांची पाठ त्यांना जाऊ देत नव्हती, त्या वस्तीची माणसं त्यांच्या मालकीची होती. रंग परवडत नव्हता म्हणून ती माणसं काळी-पांढरी राहिली, आणि काळी-पांढरी होती म्हणून त्यांच्यात चांदी निघाली. श्रीमंतांची लग्नं पोत्यात सुखरूप आहेत. त्यांना कुणी फुकटही घेत नाही.

पंचशीलाने खोकं उचललं. "ही सीडी तुमीच करा," मालकांना म्हणाली. बापाकडे तिने पाहिलं नाही.

मालक हसले. "रामू, समजावून सांग रे पोरीला."

"व्हय," रामराव म्हणाले.

गुलबर्ग्याच्या बसमध्ये ती खिडकीला होती. खोकं आता खाली पायाशी होतं. हुमनाबादला तिने एकदा विचारलं, "दसऱ्याआधी आलो असतो तर?"  उत्तर दोघींना माहीत होतं. मला लागेल असं एक अक्षरही ती बोलली नाही, अजूनही नाही. त्या दिवाळीत घरी आलेल्या मिठाईच्या डब्याला मी हात लावला नाही.

खोकं तीन आठवडे खाटेखाली तसंच बंद राहिलं.

एका रविवारी सकाळी होस्टेलच्या पहारेकरीण सुभद्राबाई ओरडत आल्या. "पंचशीला! बाप आलाय गं तुझा. चांगली पाच तासांची बस करून आलाय, लवकर ये!"

ती जाईना. मी तिला ओढून खाली नेलं. पुरुषांना आत सोडत नाहीत. रामराव फाटकाजवळच्या बाकावर बसले होते. धुतलेला सदरा, मांडीवर टॉवेलमध्ये गुंडाळलेलं काहीतरी जाड.

"जेवलीस का?" त्यांनी विचारलं.

"कामून आलाव?"

त्यांनी टॉवेल सोडला. एक रजिस्टर होतं. पुठ्ठ्याला चौकोनी खड्डा पडलेला, जणू कुणी जड पाय ठेवून उभं राहिलं होतं.

"डिजिटल मशीन डुगडुगायलतं," रामराव म्हणाले. "मालकानं पायाखाली घातलं हुतं हे. त्या भंगारवाल्यालाबी दावलं हुतं. त्यो म्हनला, कागदात चांदी न्हाई. नको."

पंचशीलाने रजिस्टर उघडलं. रामरावांचं बारीक, उजवीकडे झुकलेलं अक्षर. नंबर. नाव. गाव. कशासाठी फोटो. १९७९ पासून २००१ पर्यंत, ओळीमागून ओळ. कशासाठी या रकान्यात सुरुवातीला रेशन, बँक, लग्न. नव्वदनंतर पानंच्या पानं: पुण्याला. मुंबईला. हैदराबादला. पुण्याला.

"नमुना हाय का तुज्याकडं? स्टुलाचा?"

ती वर जाऊन पाकीट घेऊन आली. रामरावांनी तुकडा काढला आणि सवयीने आभाळाकडे धरला. मग पाकिटावरचा नंबर वाचून रजिस्टरची पानं उलटली. तपकिरी नख एका ओळीवर थांबलं.

"उमाजी," ते म्हणाले. "भीमनगर. पुण्याला. ह्यो उठून गेला त्या स्टुलावरून. चहा बी पिला न्हाई, बस हुती म्हनून."

"त्याचा फोटो?"

"त्याच्या आईच्या घरात असंल. मागं नंबर असंल."

पंचशीलाने त्या ओळीवर बोट ठेवलं. मला माहीत होतं ती काय विचार करत होती. स्कॅनरवर कागदही चालतो. वस्तीत दीडशे घरं. प्रत्येक भिंतीवरचा फोटो उतरवायचा, उलटा करायचा, नंबर बघायचा. आणि त्यात निम्मे धुराने गेलेले, काही वाळवीने, काही पुरात, काही मढ्याबरोबर. मला कुणी म्हणालं, चला, काहीतरी तर वाचलं. मी त्या माणसाशी अजून बोलत नाही. जे वाचलं ते धुतल्या गेलेल्यातून वजा होत नाही.

तिने रजिस्टर मिटलं. छातीशी धरलं. आणि बापाला पहिल्यांदा नीट बघून विचारलं,

"मालकाला इचारून आनलाव का हे?"

रामरावांनी टॉवेलची घडी घातली. खांद्यावर टाकली.

"न्हाई," ते म्हणाले.